चीफचे ठोकळे

चीफ उजव्या हातात कधी काही धरत नसत. बाजाराची पिशवी डाव्या हातात, छत्री डाव्या हातात, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभं राहायची वेळ आली तर दांडीही डाव्याच हाताने धरायची. उजवा हात कमरेपासून वीतभर लांब, सैल, पाण्यावर तरंगत असल्यासारखा. सुरुवातीला मला वाटलं, यांना कधीतरी झटका येऊन गेला असावा. मग एकदा बेसिनशेजारी साबणाच्या वडीसारखं काहीतरी दिसलं म्हणून मी उचललं, आणि ते इतकं जड निघालं की हातातून सुटून थेट माझ्या अंगठ्यावर पडलं.

सागवानाचा ठोकळा होता. कडा घासून गोल केलेल्या, तेलपाणी करून गुळगुळीत केलेला, आणि पोटात शिसं.

मी बोंबललो तसे चीफ आले. माझ्या पायाकडे त्यांनी पाहिलंही नाही. ठोकळा उचलला, कानाशी नेऊन हलवला आणि विचारलं, "कसा वाटला?"

"काय कसा वाटला?"

"हातात. पडायच्या आधी."

"अहो, पण हे आहे काय?"

"पिस्तूल," चीफ म्हणाले. मग माझा चेहरा बघून म्हणाले, "म्हणजे, पिस्तुलाचं वजन. पिस्तूल अजून ठरायचंय."

जहाजावरच्या मुख्य इंजिनिअरला चीफ म्हणतात. समुद्र सोडून कित्येक वर्षं झाली तरी आमच्या यिशुन वस्तीतले सगळे मराठी लोक त्यांना चीफच म्हणत, आणि खालच्या कॉफीशॉपमधली चिनी आंटीसुद्धा. मी पाणी गाळणाऱ्या पापुद्र्यांवर पीएच.डी. करायला सिंगापूरला आलो होतो आणि त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली होती. खोली दाखवताना काकू म्हणाल्या होत्या, "आमचे हे जरा वेगळे आहेत. वाईट नाहीत हो, वेगळे आहेत. रविवारी दुपारी घरी असतोस ना तू?" मी असतो म्हणालो. रविवारी दुपारी काय असतं, ते मी विचारलं नाही.

माझं घर वेगळं होतं. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील आणि त्यांचे सोबती ती लिहायचे, आई चिकटवायची, मी एसटी स्टँडवर आणि कारखान्याच्या गेटवर वाटायचो. अक्षरओळखही मला त्या पत्रकांवरूनच झाली. शस्त्र हा भित्र्या माणसाने विक्रेत्याशी केलेला करार आहे, असं मी शाळेत असताना एका पत्रकात लिहिलं होतं, आणि आजही त्यातला एक शब्द मी खोडणार नाही. त्यामुळे अंगठा सुजलेला असतानाच मी चीफना सांगून टाकलं, की जगात एकही पिस्तूल असं नाही जे ठरवण्याच्या लायकीचं आहे.

"बरोबर," चीफ म्हणाले. "म्हणून तर इतकी वर्षं लागतायत."

इथे खऱ्या पिस्तुलाच्या वाटेला जाणाऱ्याची गाठ फासाच्या दोराशी पडू शकते, आणि खेळण्यातलं कमरेला दिसलं तरी पोलीस विचारपूस करायला येतात. चीफ कायदा काटेकोर पाळत. म्हणून त्यांच्या ठोकळ्यांना नळी नव्हती, चाप नव्हता, पिस्तुलाचा आकारसुद्धा नव्हता. फक्त लांबी, जाडी आणि वजन. शिसं म्हणजे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गळ टाकणारे लोक वापरतात ती मासेमारीची वजनं. कॅनव्हासचं पाकीट त्यांनी स्वतः जाड सुईने शिवलेलं, पट्ट्याच्या आतल्या बाजूला लागणारं. एक ठोकळा काही आठवडे वागवायचा, मग नापास करायचा, मग दुसरा. मापं ते इंटरनेटवरून घेत. व्हिडिओत टोप्या घातलेले अमेरिकन लोक टेबलावर पिस्तुलं मांडून बोलत असायचे, आणि चीफ ते आवाज बंद करून बघत.

"आवाज का बंद?" मी एकदा विचारलं.

"आवाजात विक्री असते. हात खोटं बोलत नाहीत. बघ, खालच्या अक्षरांत हा माणूस म्हणतोय फार आरामशीर आहे, आणि खुर्चीत बसल्याबरोबर त्याने ते पुढे सरकवलं."

या विषयावर त्यांना बोलतं केलं की ते थांबत नसत. "लहान घेतलं तर लपतं, पण मुठीत करंगळीला जागा उरत नाही, आणि करंगळी लोंबकळली की हात डुगडुगतो. मोठं घेतलं तर मुठीत बसतं, पण बरगडीला टोचतं. टोचलं की माणूस ते काढून कपाटात ठेवतो. चाप हलका असला तर कमरेलाच सुटायची धास्ती, कडक असला तर ऐन वेळी बोट हरतं. आणि घाम! बॉयलर सूटच्या आत, त्या उकाड्यात, दोन दिवसांत गंजेल असं काय कामाचं?"

"चीफ, तुम्ही तर बर्म्युडा घालता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी खुळ्यासारखं बोललो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस स्वतःसाठी पिस्तूल निवडतच नाहीये. तो निवडतोय बॉयलर सूट घातलेल्या, इंजिन रूममध्ये उभ्या असलेल्या कुणा दुसऱ्या माणसासाठी.

"तुम्ही कधी चालवलंय?"

"आयुष्यात एक गोळी झाडलेली नाही."

"मग हे कशाला?"

"झाडायचं कोण म्हणतंय?" चीफ म्हणाले. "मला उघडायचंय."

आणि ते ठोकळा घासायला बसले.

काकूंनी हे सगळं संसारातल्या पथ्यपाण्यासारखं सांभाळून घेतलं होतं. सुपरमार्केटमध्ये चीफ सर्वांत खालच्या फळीवरचे कांदे वाकून काढत, आणि मी मागे उभं राहून शर्ट वर सरकतो का, कापडातून काही दिसतं का ते बघायचं. "अहो, नासके घेताय!" काकू ओरडायच्या. "पिस्तुलाचं नंतर बघा, आधी कांद्याकडे बघा." एकदा कॉफीशॉपमधल्या आंटीने कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप ठेवता ठेवता सगळ्यांदेखत सांगितलं, "चीफ, युअर पॅन्ट वन साइड ड्रॉपिंग, लाह!" काकू हसून हसून लाल झाल्या. चीफ मात्र गंभीरपणे म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पट्टा आधी ठरवायला हवा होता."

टॅम्पिनीसला एका ओळखीच्यांकडे गणपती होता. आरतीच्या गर्दीत एका बाईच्या कडेवरची मुलगी पाय हलवत होती, आणि तिची टाच चीफच्या कमरेवर आपटली. पोर कळवळलं. "मम्मी, अंकल गॉट स्टोन!" आई म्हणाली, "अय्या चीफ, खिशात नारळ घेऊन आलात की काय?" सगळे हसले. चीफ हसले नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. प्रसादही न घेता ते निघाले. दुसऱ्या दिवशी ईस्ट कोस्टच्या धक्क्यावर जाऊन त्यांनी तो ठोकळा समुद्रात टाकला.

"अहो, लाकडाचा होता तो," मी म्हणालो.

"तिच्या पायाला काय लागलं ते मला माहीत आहे," चीफ म्हणाले.

आता त्या खोलीबद्दल सांगायला हवं. इथल्या नव्या सरकारी फ्लॅटमध्ये एक बारकी खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, दाराला आतून आणि बाहेरून उघडणारा दांडा. युद्ध झालं, बाँब पडले, तर घरच्यांनी आत बसायचं. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे सुटकेसा, जुने पंखे आणि तांदळाची पोती ठेवतात. चीफच्या घरातली ती खोली पूर्ण रिकामी होती. काकूंच्या लोणच्याच्या बरण्या सोफ्यामागे, सुटकेसा माझ्या कपाटावर, इस्त्रीचं टेबल बाल्कनीत भिजत. पण आत एक खिळासुद्धा नाही.

रविवारी जेवण झालं की चीफ त्या खोलीत जात, दार ओढून घेत. मी बाहेर उभं राहून थाप मारायची. कशी मारायची ते त्यांनी कधी सांगितलं नाही. "तुझ्या मनाला येईल तशी," एवढंच. मी कधी जोरात मारायचो, कधी बोटांनी वाजवायचो. मग थांबायचं. आतून दांडा फिरला पाहिजे. तो कधीच फिरला नाही. एकदा मी तळहात दारावर टेकवला, तर पोलाद थंडगार होतं, पण तेवढीच एक जागा कोमट लागली. पलीकडून त्यांचा हात बरोबर तिथेच असावा. मी माझा हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

बऱ्याच वेळाने मीच बाहेरून दांडा ओढायचो. चीफ घामाने निथळत उभे असायचे, उजवा हात कमरेवर. दर वेळी तेच बोलायचे. "हा नव्हे. याच्यावर भरवसा बसला नाही." किंवा "जड झाला." किंवा "हलका वाटला." मग नवा ठोकळा घासायला घ्यायचा.

माझ्याआधी हे काम काकूंचं होतं. "माझे सांधे गेले रे थापा मारून," त्या म्हणाल्या. "एकदा, फक्त एकदा त्यांनी ते दार आतून उघडलं, की सुटलो आम्ही. मग गुहागरला जाऊ. घर तयार आहे तिथे, पण हे या दारापासून हलत नाहीत. मी म्हातारी होतेय आणि माझा नवरा एका कोठडीत पिस्तूल पसंत करतोय."

मला काकूंचा कळवळा आला, आणि कळवळा आला की मी पत्रक लिहितो. एका पानाचं लिहिलं. दार हाताने उघडतं, शस्त्राने नाही, शस्त्र शोधणारा माणूस खरं तर न उघडण्याचं कारण शोधत असतो, असं सगळं. रात्रभर मनात घोळवलेलं ते पान सकाळी चीफच्या दाराखालून आत सरकवलं. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. पान त्यांनी बारीक घडी घालून कॅनव्हासच्या पाकिटात, ठोकळा आणि कापड यांच्या मधे बसवलं होतं.

"ठोकळा हलत होता," ते म्हणाले. "तुझ्या कागदाने जाडी बरोबर आली."

"वाचलंत का पण?"

"वाचलं म्हणून तर तिथे ठेवलं. चल, फिरून येऊ."

आम्ही ईस्ट कोस्टला गेलो. नांगर टाकलेली जहाजं क्षितिजापर्यंत उभी होती. सायकलवाली पोरं घंट्या वाजवत जात होती. चीफ बाकावर बसले, उजवी बाजू मोकळी ठेवून, आणि जहाजांकडे बघत बोलले.

"तो इथूनच चढला होता. नवा फिटर. दापोलीकडचा. हात चांगला होता त्याचा. पाइप तपासायचा तर पान्याने दोनदा ठोकायचा, कान लावून ऐकायचा, मग परत दोनदा. ठक ठक. मग गप्प. मग ठक ठक. पुढे आखातात चाचे जहाजावर चढले. अशा वेळी सगळ्यांनी मागच्या सुकाणूयंत्राच्या खोलीत जायचं, दार आतून लावायचं आणि मदत येईपर्यंत उघडायचं नाही, असं ठरलेलं असतं. उशिरा येणाऱ्याने ठरलेली थाप द्यायची. ती थाप त्याला शिकवायची राहून गेली होती. शिकवायचं काम माझं होतं."

"मग?"

"दार लावलं. डोकी मोजली. एक कमी. आणि मग बाहेरून आवाज आला. ठक ठक. सगळे म्हणाले, ही आपली थाप नाही, उघडू नका. दांड्यावर हात माझा होता. मला माहीत होतं कोण आहे ते. त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं, मला एकट्याला माहीत होतं. पण त्याच्या मागे कुणी बंदूक लावून उभा असला तर? आत एवढे जीव. तेव्हा मला वाटलं, आपल्या कमरेला काही असतं, तर फट उघडून बघितलं असतं. फक्त फट. थोड्या वेळाने थाप थांबली. नौदल आलं, आम्ही बाहेर पडलो. तो कुठेच नव्हता. जहाजभर नव्हता."

पहारेकरी न देता माणसं त्या पाण्यात पाठवणाऱ्या मालकांवर मी तिथल्या तिथे भडकलो. चीफनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मालक दारावर नव्हता. मी होतो."

त्यानंतर थापा मारणं मला जमेना. मी तसं सांगून टाकलं. आणि माझ्यातला पत्रकं वाटणारा पोरगा स्वस्थ बसेना, म्हणून पुढे म्हणालो, "या रविवारी मी तुमच्याबरोबर आत येतो. दार मी उघडून दाखवतो. रिकाम्या हाताने. काही लागत नाही हो चीफ. हात लागतो फक्त."

"ये," चीफ म्हणाले.

रविवारी काकू भजनाला टॅम्पिनीसला गेल्या होत्या. फ्लॅटच्या दाराबाहेरच्या लोखंडी जाळीला मी स्वतः कुलूप लावलं. खोलीत दोघं जेमतेम मावलो. चीफ आतला दिवा कधी लावत नसत, मी लावला. त्यांनी दार ओढलं आणि जग बंद झालं. पंखे, शेजारचा टीव्ही, खालचा रस्ता, सगळं एकदम कापून टाकल्यासारखं. आमचे दोन श्वास तेवढे उरले.

"आता बघा," मी म्हणालो आणि हात वर करून दाखवला. "रिकामा."

मी दांड्याला हात घातला, आणि बाहेरून आवाज आला.

ठक ठक.

फार खालून आला. गुडघ्याच्या उंचीवरून, कुणी जमिनीवर बसून ठोकावं तसा. मग काही नाही. नुसतं गप्प नव्हे; दाराला कान लावून कुणीतरी ऐकत असावं, अशी ती शांतता होती.

ठक ठक.

या इमारतींत आवाज कुठून कुठे जातात याला नेम नसतो. वरच्या रिकाम्या फ्लॅटमधून गोट्या घरंगळल्याचा आवाज इथे प्रत्येकाने ऐकलेला आहे. या खोल्या एकावर एक, तळापासून गच्चीपर्यंत रचलेल्या असतात. खाली कुणी खिळा ठोकला तर वर थाप ऐकू येईल. हे सगळं मला माहीत होतं. तेव्हाही माहीत होतं. आणि माझी बोटं दांड्यावर गोठून बसली होती. मी जोर लावत होतो असं मला वाटत होतं, पण दांडा हलत नव्हता, कारण मी जोर लावतच नव्हतो.

मी चीफकडे पाहिलं. ते दाराकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच काळजी पाहिली, आणि ती माझ्याबद्दलची होती. माझी नजर त्यांच्या कमरेकडे गेली. शर्टाखालून तो जरासा उंचवटा. नळी नसलेला, चाप नसलेला, लाकडाचा.

"चीफ," मी म्हणालो, "ते द्या. आधी ते द्या माझ्याकडे."

त्यांनी शर्ट वर केला, ठोकळा काढला, माझ्या हातात ठेवला आणि माझी बोटं एकेक करून त्याच्याभोवती मिटवली. करंगळीसुद्धा. मग मला हळूच बाजूला सारून त्यांनी दोन्ही रिकाम्या हातांनी दांडा फिरवला आणि दार उघडलं.

बाहेर दुपारचं ऊन होतं. फरशी कोरडी होती. खिडकीबाहेर बांबूवर काकूंची साडी वाळत होती. जाळीला कुलूप तसंच होतं.

चीफ उंबऱ्यावर एका बाजूला सरकून उभे राहिले. एक माणूस आत येऊ शकेल इतकी जागा सोडून.

"ये रे," ते खाली बघून म्हणाले. "फार उशीर केला मी. ये."

कितीतरी वेळ ते तसेच उभे होते. मग वळले. मी अजून आतच होतो, भिंतीला पाठ लावून, ठोकळा पोटाशी धरून.

"जड वाटतो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हलका?"

"नाही."

"टोचतोय कुठे?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग हाच," चीफ म्हणाले आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी लोणच्याच्या बरण्या त्या खोलीत नेल्या. आता दोघं गुहागरला असतात. काकू फोनवर सांगतात, की चीफ बाजारातून येतात ते दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि कांदे अजूनही नासकेच आणतात.

मी अजून इथेच आहे. पत्रकं लिहितो, तीच मतं, त्याच ठामपणे. पंख्याने कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर सागवानाचा एक ठोकळा ठेवलेला असतो. बाहेर जाताना तो टेबलावर राहतो, असं मी सगळ्यांना सांगतो. परवा एमआरटीत एका मावशींनी उठून मला जागा देऊ केली. कशाला म्हटलं, तर म्हणाल्या, "उजवा हात दुखतोय ना तुझा? मघापासून बघतेय, सगळं डाव्यानेच धरतोयस."